कुसरीचा कौल

जाखुबाईच्या देवराईतून काडीसुद्धा घरी न्यायची नाही, हा धामणवाडीचा नेम कुठे लिहून ठेवलेला नव्हता. म्हणूनच बहुधा तो मोडायचं कुणाला सुचलं नव्हतं. वादळात फांदी पडली तर ती पडल्या जागी कुजायची. जांभळाच्या दिवसांत पोरं राईत शिरायची, झाडाखाली बसून पोट फुटेस्तोवर खायची आणि निघताना खिसे उलटे करून झटकायची. दुष्काळाच्या साली जनावरांच्या बरगड्या मोजता येत होत्या, तेव्हाही राईतल्या पाल्याला कुणी विळा लावला नाही.

ह्या राईत, देवळाच्या मागल्या अंगाला, एका जुन्या बेहड्यावर कुसरीचा वेल चढलेला होता. कुसर म्हणजे रानातली जाई. वर्षभर तिच्याकडे कुणी ढुंकून पाहत नसे. पण चैत्र लागला की चुलीवरचं दूध उतू जावं तसा तो वेल बेहड्याच्या शेंड्यापासून खाली पांढरा उतू जायचा. त्याचा वास ओढा ओलांडून रस्त्यापर्यंत यायचा. कराडहून येणारी एसटी वळणावर मंदावली की खिडकीतली माणसं नाक वर करून इकडेतिकडे बघायची.

चौऱ्याहत्तरच्या चैत्रात त्या वळणावर एसटीऐवजी जीप मंदावली. जीपमध्ये खालच्या अंगाच्या साखर कारखान्याचे चेअरमन होते. त्यांनी वास घेतला, गाडी थांबवली, आणि सोबत बसलेल्या हंबीररावांना, म्हणजे धामणवाडीच्या सरपंचांना, विचारलं, "हे काय फुललंय?" हंबीररावांनी सांगितलं. चेअरमन म्हणाले, "दरवर्षी कारखान्याच्या कॅलेंडरावर देवादिकांचीच चित्रं असतात. औंदा आपल्या डोंगरातलं फूल टाकू. रंगीत. खाली गावाचं नाव." हंबीररावांनी जीपमध्येच हो म्हणून टाकलं.

हो म्हटल्यावर त्यांना राईचा नेम आठवला.

त्याच दिवशी दिवस मावळायच्या सुमाराला पारावर माणसं जमली. प्रश्न साधा होता. फोटो काढून नेणं म्हणजे राईतली वस्तू नेणं होतं की नव्हतं?

"फूल तर वेलावरच राहतंय," हंबीरराव म्हणाले. "नेलं काय मग?"

"सावली न्हेली की," एक म्हातारा म्हणाला. "थोरल्या आप्पासोंचं काय झालं? फोटू काढला आन म्हयन्यात गेले."

"आवं, जायला आले हुते म्हणून तर फोटूवाल्याला बलावलं हुतं," पलटणीतून पेन्शन घेऊन आलेला आकाराम म्हणाला. "माझा तर पलटणीत चारदा काढला. मेलो का मी?"

"तू मेला न्हाईस, हे खरं. पर तुझं डोकं ठिकाणावर न्हाई ऱ्हायलं."

माणसं हसली. हसून झाल्यावर प्रश्न होता तिथेच होता. शेवटी ठरलं ते असल्या वेळी नेहमी ठरायचं तेच. कौल लावायचा.

कौल लावायचं काम तात्याबा गुरवाचं. राईला लागून त्याचं घर. देवळाची झाडलोट, पूजा, दिवा आणि कौल, एवढ्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. तो पोथी वाचायचा तीसुद्धा मनातल्या मनात, कारण आपला आवाज लोकांना ऐकवण्यासारखा नाही असं त्याला वाटे. कुणी टाकून बोललं तर त्याला त्या वेळी उत्तर सुचत नसे. उत्तर सुचायचं दुसऱ्या दिवशी, झाडू मारताना, आणि तेव्हा समोर फक्त पाचोळा असायचा.

कौलाची रीत अशी होती. जाखुबाईची मूर्ती काळ्या दगडाची, कमरेएवढी. नाकडोळे कधीच झिजून गेलेले, खांदे तेवढे शाबूत. झाडावरून आपसूक पडलेली दोन फुलं उचलायची, झऱ्याच्या पाण्यात भिजवायची आणि देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक डकवायचं. मग गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवं फूल आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. तात्याबाच्या बापाने त्याला शिकवताना एकच गोष्ट बजावली होती: दोन्ही फुलांना एकच पाणी आणि एकच बोट. पुढचं देवीचं.

पुढचं खरंच देवीचं असतं का, ह्याची तात्याबाला कधी पक्की खात्री झाली नव्हती. उन्हाळ्यात फुलं लवकर सुकतात, पावसाळ्यात चिकटून बसतात, दारातून वारा आला की डावी बाजू आधी हलते, हे त्याला दिसत होतं. देवी बोलते की वारा बोलतो? हा विचार मनात आला की तो स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायचा आणि पुन्हा त्याच विचाराशी यायचा. पण एका गोष्टीबद्दल त्याला शंका नव्हती. त्याचं बोट कधी एकीकडे जड आणि दुसरीकडे हलकं पडलं नव्हतं.

ह्याची किंमतही त्याने दिली होती. त्याची लेक मनू, तिला कराडचं स्थळ आलं होतं. मुलगा एसटीत कारकून, घरात नळ. रंगूबाई, म्हणजे तात्याबाची बायको, हरखून गेली होती. तात्याबाने कौल लावला. डावा आला. स्थळ मोडलं. पुढे मनूला पाटणच्या वरच्या अंगाला दिली. तिथे ती अजून डोक्यावरून पाणी वाहत होती. रंगूबाई त्यावर भांडली नाही. पण घागर उचलताना दर वेळी एक श्वास सोडायची आणि तो श्वास तात्याबाला बरोबर ऐकू यायचा.

पारावरची माणसं उठल्यावर हंबीरराव झऱ्यापाशी आले. तात्याबा समई घासत होता. हंबीरराव बाजूच्या दगडावर टेकले, दोन गोष्टी पावसापाण्याच्या केल्या आणि मग तंबाखू मळता मळता म्हणाले,

"तात्याबा, चेअरमनला मी शबुद दिलाय. कॅलेंडरावर गावाचं नाव आलं तर उद्या रस्त्याचं बोलायला तोंड ऱ्हाईल. तवा उद्या उजवं जरा हलकं लावा."

तात्याबाचा हात समईवर थांबला.

"आन चुकून डावा आलाच," हंबीरराव म्हणाले, "तर परत लावू. देवी काय आपल्यावर रुसत न्हाई."

त्यांनी हे धमकावून सांगितलं असतं तर कदाचित बरं झालं असतं. त्यांनी ते शेतावर निघालेल्या माणसाला येताना चार कांदे घेऊन ये म्हणावं तसं सांगितलं. म्हणजे ते असं धरूनच चालले होते की गुरव हे करतो, करत आला आहे. आजवर गावात ज्यांना ज्यांना उजवा कौल आला त्यांनी तात्याबाला काहीतरी दिलं असणार आणि ज्यांना डावा आला त्यांनी दिलं नसणार.  नेहमीप्रमाणे तात्याबाला काही सुचलंच नाही. हंबीररावांनी त्या गप्प बसण्याचा अर्थ हवा तसा लावला आणि ते पाठीवर थाप मारून गेले.

सकाळी झाडू मारताना उत्तर सुचायला लागलं. एक नव्हे, पंचवीस सुचली. तुमच्या आज्याच्या वेळी ह्याच बोटानं डावा कौल दिला होता, तेव्हा हलकं लावा म्हणायला कुणी आलं नव्हतं. देवी तुमची उसाची टोळी आहे का, उचल दिली की कामाला लागायला? तात्याबा झाडत होता आणि पाचोळा उडत होता. मग त्याच्या मनात एक भलताच विचार आला. उजवं फूल घट्ट दाबून बसवलं तर? डावं आधी पडेल, आणि हंबीररावांना कळेल गुरव म्हणजे काय ते. ह्या विचाराने त्याला मोठा आनंद झाला. क्षणभरच. मग लक्षात आलं की हीसुद्धा लबाडीच होते, आणि हंबीररावांनी निदान गावासाठी सांगितली होती. ही तर निव्वळ रागाची. तो झऱ्यावर गेला आणि त्याने हात घासून घासून धुतले, जणू काही चिकटलं होतं.

माणसं जमली. तात्याबाने खाली पडलेली कुसरीची दोन फुलं उचलली, एका ओंजळीत भिजवली. एकच पाणी, एकच बोट. डावं डकवलं, उजवं डकवलं आणि डोळे मिटून गाऱ्हाणं घालायला तोंड उघडलं. "आई जाखुबाई," एवढं म्हणतोय तोवर उजवं फूल टपकन खाली पडलं.

गाऱ्हाणंसुद्धा पुरं झालं नव्हतं.

"आज देवी घाईत हाय वाटतं," आकाराम मागून म्हणाला. "सवाल बी ऐकून घेतला न्हाई."

हशा पिकला. हंबीररावांनी तात्याबाकडे बघून एक डोळा बारीक केला. अगदी थोडासा. पण तो अख्ख्या गाभाऱ्याने पाहिला असं तात्याबाला वाटलं. त्याच्या कानशिलांतून जाळ निघाला. मी काही केलं नाही, हे त्याला ओरडून सांगायचं होतं. पण ज्या गोष्टीचा आरोपच कुणी केलेला नाही, ती नाकारायची कशी? आणि त्याहून वाईट म्हणजे त्याला स्वतःलाच आता सांगता येईना. घट्ट दाबायचं नाही, दाबायचं नाही असं घोकता घोकता उजवं खरंच हलकं पडलं की काय? आजवर कधी न चुकलेलं बोट त्या दोन शब्दांनी बिघडवलं होतं. होकार आला होता, तो देवीचा, वाऱ्याचा की हंबीररावांचा, हे जन्मात कळणार नव्हतं. त्याला सरपंचाचा राग आला, स्वतःचा आला, आणि खरं सांगायचं तर देवीचाही आला. आजच्या दिवस तरी थोडा दम धरायचा होतास.

दुपारी गुंडा, हंबीररावांचा गडी, धोतरजोडी आणि गुळाची ढेप घेऊन आला. "मालकांनी दिलंया," म्हणून ओट्यावर ठेवून गेला. तात्याबाने त्याला थांब म्हणायच्या आत तो बांध उतरला होता.

रंगूबाई दारात उभी होती. तिने धोतराची घडी उलटून काठ बघितला. मग म्हणाली,

"सरपंचासाठी हात हलका पडला म्हनायचा."

"मी काय केलं न्हाई," तात्याबा म्हणाला.

"सारं गाव म्हनतंय."

"गाव म्हनूं दे. मी दोन्ही सारखी लावली."

रंगूबाई आत गेली. आतून तिचा आवाज आला, फार मोठा नाही. "ल्येकीच्या वक्ताला जमलं न्हाई. आन सरपंचाच्या कॅलिंडराला जमलं."

तात्याबा ओट्यावर बसून राहिला. भाकरी झाली तरी उठला नाही. त्याची लेक डोंगरात पाणी वाहत होती ती त्याने बोट सरळ ठेवलं म्हणून, आणि आता त्या सरळ बोटाचीच किंमत एक धोतरजोडी ठरली होती. मग मनूचं वाटोळं केलं ते कशापायी?

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या जीपमधून सांगलीचा फोटोवाला उतरला. सुकुमार त्याचं नाव. पेठेत त्याचा स्टुडिओ होता, तिथे पाटावर बसवलेली बाळं आणि नव्या जोडप्यांचे फोटो काढण्यात त्याची उमर चालली होती. जैनाचा शांत माणूस. राईत शिरण्यापूर्वी त्याने विचारून चपला काढल्या. वेलासमोर उभा राहिला आणि मान मागे टाकून शेंड्यापर्यंत बघत राहिला.

"असलं कुणी सांगितलंच न्हाई की ओ आम्हाला," शेवटी तो म्हणाला. "आम्हाला वाटलं, फूल म्हंजी कुंडीतलं असंल."

तिथपर्यंत तात्याबाला तो माणूस आवडला. मग सुकुमारने तिपाई उभी केली, काळ्या पेटीत डोकं घालून पाहिलं आणि मान हलवत बाहेर आला. सकाळचं ऊन वेलावर येत नव्हतं. पुढच्या जांभळाची एक मोठी फांदी आडवी होती. रंगीत रोलला ऊन लागतं, नाहीतर सगळं काळंनिळं येतं, असं त्याने समजावून सांगितलं. रोल मुंबईला धुवायला जाणार, परत काढायला जमणार नाही.

हंबीरराव म्हणाले, "एवढंच ना? गुंडा."

गुंडाने पाठीमागे धरलेली कुऱ्हाड पुढे आणली. म्हणजे ती येतानाच आणलेली होती. राईत कुऱ्हाड आलेली तात्याबाने जन्मात पाहिली नव्हती. बांधावर उभ्या असलेल्या बायकांत कुजबुज झाली. रंगूबाईही तिथेच होती.

"काय ओ पावणं," आकाराम सुकुमारला म्हणाला, "तुमच्यात किडा मरंल म्हणून दिवस बुडायच्या आत जेवत्यात म्हनं. आन फांदी तोडाय सांगताय व्हय?"

सुकुमार ओशाळला. "आम्ही तोडा म्हणलो न्हाई. ऊन न्हाई एवढंच म्हणलो."

"कौल झालाया," हंबीरराव म्हणाले. "देवीनं हो म्हनलंय. गुंडा, चढ."

गुंडाने जांभळाच्या बुंध्याला पाय लावला. आणि तात्याबाला, आयुष्यात पहिल्यांदाच, उत्तर त्याच दिवशी सुचलं.

"उतर खाली," तो म्हणाला.

आवाज त्याच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. त्याचा त्यालाच धक्का बसला. गुंडा उतरला.

"कौल फोटूचा झालाय," तात्याबा म्हणाला. "कुऱ्हाडीचा न्हाई झाला."

हंबीरराव हसले. चार माणसांसमोर गुरवाशी वाद घालणं त्यांना शोभण्यासारखं नव्हतं. "बरं, मग कुऱ्हाडीचा लावा. आत्ता लावा. फुलं काय, पायाखाली पडल्यात." आणि आवाज जरा खाली आणून म्हणाले, "कालच्यासारखा."

त्या एका शब्दाने काम केलं. धोतर, गूळ, डोळा बारीक करणं, गुळमुळीत 'हलकं लावा', रंगूबाईचा श्वास, सगळं तात्याबाला एकदम आठवलं.

"लावू," तो म्हणाला. "पर आज हात तुमचा."

"म्हंजी?"

"फूल तुमी डकवायचं. मी पानी देतो."

"गुरवाचं काम गुरवानं करावं."

"गुरवाच्या हाताचा काय भरवसा?" तात्याबा म्हणाला. शब्द आता थांबत नव्हते. "परवा झऱ्यावर तुमीच सांगिटलं, उजवं हलकं लावा. मी हलकं लावलं न्हाई. पर तुमी तसं म्हनाला म्हणून आता मलाच उमगंना की ते देवीनं पाडलं का कुनी. तुमच्या शबुदानं माझा हात बाटलाय, सरपंच. तवा आज तुमचा बघू. तुमचा तर कुनी बाटवला न्हाई."

 हंबीररावांचा चेहरा आधी लाल झाला, मग रागाचं काय करावं ते न कळल्यासारखा झाला. गावापुढे नाकारावं तर बोललेले होते. गुरवाला दम भरावा तर बायका बघत होत्या. उरला एकच मार्ग. त्यांनी डोक्याचा पटका नीट केला आणि ते देवळात शिरले.

तात्याबाने त्यांच्या ओंजळीत पाणी घातलं. दोन फुलं दिली. "एकच पानी, एकच बोट," म्हणाला आणि बाजूला झाला. माणसं दाराशी दाटली.

हंबीररावांनी डावं फूल बोटावर घेतलं. जाखुबाईच्या खांद्याजवळ नेलं. आणि तिथे त्यांचा हात थांबला. जीपमध्ये चेअरमनला क्षणात शब्द दिलेला माणूस. इलेक्शनला दोनदा निवडून आलेला, दुष्काळात खडीच्या कामावर अख्ख्या गावाला नेणारा. नाकडोळे नसलेल्या त्या तोंडासमोर त्यांचं बोट हवेत राहिलं. घट्ट लावावं की हलकं? घट्ट लावलं तर ते मला ठाऊक असणार. हलकं लावलं तरी मला ठाऊक असणार. आणि सारखंच लावलं तर काय येईल, कुणी सांगावं? हे सगळं त्यांच्या पाठमोऱ्या मानेवर तात्याबाला दिसत होतं, कारण जन्मभर तो तिथेच उभा राहिला होता. बोट थरथरू लागलं. फुलातलं पाणी त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

"चैतात थंडी वाजतिया का, सरपंच?" आकाराम म्हणाला. पण ह्या खेपेला कुणी हसलं नाही.

हंबीररावांनी फूल परत ओंजळीत घेतलं. दोन्ही फुलं देवीच्या पायापाशी ठेवली, नमस्कार केला आणि कुणाच्याही डोळ्यांना डोळा न देता बाहेर आले.

"फांदी ऱ्हाऊ द्या," ते सुकुमारला म्हणाले. "जमंल तसं काढा."

सुकुमारने मग जमेल तसं काढलं. अंधारातल्या वस्तूचा फोटो घ्यायचा तर पेटीचा डोळा बराच वेळ उघडा ठेवावा लागतो आणि तेवढ्या वेळात पानसुद्धा हलता कामा नये, असं तो म्हणाला. वारा पडायची वाट बघत सगळे उभे राहिले. अखेर वारा पडला. त्याने पेटीला जोडलेली तार दाबली आणि धामणवाडीच्या माणसांनी आपापले श्वास रोखून धरले, जणू त्यांच्या श्वासानेही वेल हलला असता. वरून एक फूल मात्र सुटलं आणि गिरक्या घेत खाली आलं. "हे येणार बघा फोटोत," सुकुमार पुटपुटला. "पांढरी रेघ येणार." पण त्याला त्याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही.

तात्याबाने धोतर आणि ढेप उचलली, हंबीररावांच्या ओट्यावर नेऊन ठेवली आणि कुणी बाहेर यायच्या आत परतला. धीर तेवढाच होता. सकाळचा सगळा खर्चून झाला होता.

रंगूबाईने जेवायला वाढलं. भाकरीचा दुसरा चतकोर त्याच्या ताटात टाकत ती म्हणाली,

"मनूच्या वक्ताला तुमचा हात असाच कापत हुता. मी दारातनं बघिटलं हुतं."

तात्याबाने वर पाहिलं.

"पर तुमी डकवलं," ती म्हणाली. आणि चुलीकडे वळली.

तात्याबाला बरं वाटायला हवं होतं. पण त्याला आधी राग आला. हिने पाहिलं होतं. इतकी वर्षं हिला माहीत होतं, आणि तरी ते श्वास. हे काल सांगितलं असतंस तर, असं तो म्हणणार होता. मग भाकरी खाल्ली. ह्याचं उत्तर उद्या झाडू मारताना सुचलं असतं, पण ते उद्याही न सुचलेलंच बरं, असं त्याने ठरवलं.

कॅलेंडर नव्या सालाच्या तोंडावर आलं. कुसर त्यावर होती, खालच्या कोपऱ्यात. बाकीचा कागद चेअरमननी व्यापला होता, हार घातलेले, हात जोडलेले. वेल काळपट निळा आला होता आणि त्याच्यातून एक पांढरी रेघ खाली उतरली होती. गावाचं नाव नव्हतंच. जागा पुरली नाही, असं कारखान्यातून कळलं. हंबीररावांनी ते कॅलेंडर चावडीत लावलं नाही. तात्याबाने एकदा पाहिलं आणि त्याला वाटलं, ह्याच्यासाठी राईत कुऱ्हाड आणली होती. चेअरमनच्या हारामागे काय आहे ते दिसूही नये, ह्याच्यासाठी. नंतर दोन दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही.

पण ही गोष्ट कॅलेंडरावर संपत नाही. फोटोच्या दिवशी लोकांनी तात्याबाचं म्हणणं ऐकलं होतं, पण त्यातलं आपल्याला हवं तेवढंच. सरपंचाने हलकं लाव म्हटलं, आणि उजवा आला. एवढं पुरे होतं. त्याच सालच्या जेठात, कॅलेंडर यायच्या कितीतरी आधी, धोंडुबाई आली. लेक सांगलीला मार्केट यार्डात हमाली करत होता, त्याच्याकडे राहायला जावं की नको, तिला विचारायचं होतं. तिने मोठा नारळ ठेवला आणि इकडेतिकडे बघून म्हणाली,

"तात्याबा, आमच्याकडं बी जरा बघा. उजवं तेवढं."

तात्याबाने नारळ तिच्या पदरात परत ठेवला. झऱ्याचं पाणी आणलं.

"ओंजळ कर, माय."

"मी कशाला? मी बाईमानूस."

"देवी बी बाईमानूसच हाय. कर ओंजळ."

धोंडुबाई कुरकुरली. एवढी वर्षं गुरव लावत होता, आता ह्याला काय झालं, आम्ही गुरव पोसायचा कशाला मग, असं बरंच काही बोलली. तात्याबाला ते सगळं लागलं. त्याने पाणी ओतलं, दोन फुलं तिच्या हातात दिली, एकच पाणी एकच बोट म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मागून तिचं पुटपुटणं ऐकू आलं. मग ते थांबलं.  त्याला वळून बघायचा मोह झाला, पण त्याने बघितलं नाही.

"डावा आला," धोंडुबाई म्हणाली. तिचा आवाज संतापलेला होता. "तुमी लावला असता तर उजवा आला असता."

"आसंल," तात्याबा भिंतीशीच बोलला. "आता मी लावत न्हाई."

ती पाय आपटत गेली आणि गावभर सांगत सुटली की गुरव माजला. नारळ मात्र तिने जाताना देवीपुढे ठेवला होता. तात्याबाने तो फोडला, अर्धा देवीला ठेवला, अर्धा रंगूबाईला दिला, आणि खाली पडलेली दोन्ही फुलं उचलून बेहड्याच्या बुंध्याशी नेऊन टाकली. ती तिथलीच होती.